गरिबाचें जळण, गरिबाचा दिवा



इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी डोळ्यांपुढें येतात. वाशीमचा इतिहास सांगावयाचा तर वत्सगुल्माच्या वाकाटकांपासून आरंभ करावा, अशीच पुष्कळांची अपेक्षा असते. आणि ती गैर नाहीं. परंतु ज्या घरांतून राज्याला कर मिळतो त्या घरांतील चूल कशानें पेटत होती आणि रात्रीं दिवा कशावर जळत होता, हाहि इतिहासाचाच प्रश्न आहे. गरीब कुटुंबाच्या जळणाचा व दिव्याचा भार हलका करण्यासाठीं सरकारनें वेळोवेळीं काय केलें, त्यांतलें घरापर्यंत काय पोंचलें आणि तें कोठें अडलें, एवढेंच आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख. आजच्या वाशीम जिल्ह्यांत वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. त्यानंतरच्या व्यवस्थेंत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता व पुसद हा त्याचाच एक तालुका होता. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यास जोडण्यांत आले, पुसद यवतमाळकडे गेला. पुढें त्र्याण्णव वर्षांनीं, १ जुलै १९९८ रोजीं, वाशीम जिल्हा पुन्हां अस्तित्वांत आला. ह्या काळांत येथील शेतकऱ्यानें मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई व महाराष्ट्र अशीं सरकारें पाहिलीं. सरकारें बदललीं तसे साहाय्याचे प्रकारहि बदलले.

जुन्या काळीं जळणाला पैका लागत नसे, श्रम लागत. रानांतली मोळी, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या ह्यांवर घर चाले. तेव्हां जळणाच्या बाबतींत राज्याचें साहाय्य म्हणजे रानांत जाण्याची मोकळीक, एवढाच त्याचा अर्थ होता. इंग्रजी अमदानींत ही मोकळीक कायद्याच्या चौकटींत आली. १८८६ च्या वऱ्हाडच्या जंगल कायद्यानंतर सरकारी रानाचे वर्ग पाडण्यांत आले : एक वर्ग इमारती लांकूड व जळण ह्यांसाठीं, दुसरा गवताच्या रमण्यांसाठीं आणि तिसरा गुरांच्या चराईसाठीं. आजहि वऱ्हाडांत गांवच्या गायरानाला 'ई-क्लास' म्हणतात. वर्गवारीची ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिचें मूळ कोणी विचारीत नाहीं. रान वर्गांत विभागलें जातांच, जी मोळी पूर्वीं वहिवाटीनें येत असे तिला परवान्याची व रखवालदाराच्या मर्जीची जोड लागली. हक्काची सवलत झाली, हा फरक लहान दिसला तरी फार दूरवर जाणारा होता. हक्क मागावा लागत नाहीं. सवलत मागावी लागते, आणि ती देणारा ती काढूनहि घेऊं शकतो.

लोकांना हा फरक चांगला समजत होता. १९३० च्या जुलै महिन्यांत लोकनायक बापूजी अणे ह्यांच्या नेतृत्वाखालीं पुसद येथें जंगल सत्याग्रह झाला व सरकारी रानांतील गवत कापून कायदा मोडण्यांत आला. त्या दिवशीं हातांत विळा व गवताची पेंढी होती, जळणाची मोळी नव्हती, हें खरें. पण रानाच्या उत्पन्नावर गांवाचा कांहीं अधिकार आहे कीं नाहीं, हा मूळ प्रश्न एकच होता. त्या प्रश्नाचें कायदेशीर उत्तर मिळण्यास पुढें पाऊणशें वर्षें लागलीं. २००६ च्या वनहक्क कायद्यांत 'निस्तार' हा आपल्याकडचा जुना शब्द सामूहिक हक्कांच्या यादींत नांवानिशीं आला.

आतां दिव्याकडे वळूं. करडई, जवस व तीळ ह्यांच्या तेलाची पणती ही आपली जुनी सोय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरचें खनिज तेल खेड्यांत आलें. त्याला कोणी घासलेट म्हणालें, कोणी रॉकेल, कोणी मातीचें तेल. पत्र्याची चिमणी व कांचेचा कंदील ह्यांनीं पणतीची जागा घेतली. गाळप झालेलें तेल विकत घ्यावें लागतें, तें शेतांत पिकत नाहीं. म्हणून ह्या चिमणीबरोबरच गरिबाच्या घरांत दिव्याचा रोकड खर्च प्रथम शिरला. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व तेथील तेलाच्या खाणींचा पुरवठा तुटला, तेव्हां ह्या परावलंबनाची जाणीव साऱ्या देशाला झाली. धान्य, कापड व साखर ह्यांप्रमाणेंच रॉकेलहि नियंत्रणाखालीं आलें. युद्ध संपलें, स्वराज्य आलें, परंतु शिधापत्रिकेवरचें रॉकेल पुढें अनेक दशकें टिकलें. सरकारच्या साहाय्याचा हा दुसरा प्रकार : मोकळीक नव्हे, तर भाव. सरकारनें वस्तूची किंमत खालीं धरून ठेवली व फरक आपल्या तिजोरींतून भरला.

ह्या पद्धतीचा एक गुण सांगितलाच पाहिजे. रॉकेल लिटरानें मिळे, आणि प्रसंगीं दुकानदाराकडून पावशेरानेंहि मिळे. मजूर कुटुंबाला आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं जेवढा पैसा हातीं येई तेवढ्याचें तेल घेतां येई. सवलतहि त्याच क्षणीं, त्याच मापांत पदरीं पडे. खेड्यांतील शाळेंत शिकवीत असतांना ज्या मुलांच्या वह्यांना रॉकेलचा वास येई, तीं मुलें ह्याच सवलतीच्या तेलावर अभ्यास करून परीक्षा उतरलीं, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

पण दोष त्याहून मोठा होता. एकाच वस्तूचे दोन भाव झाले कीं मधल्या वाटेवर चोर उभा राहतो. स्वस्त रॉकेल डिझेलमध्यें मिसळून विकणें हा मोठा धंदा झाला. १९९३ सालीं केंद्र सरकारनें स्वयंपाक व उजेड ह्यांखेरीज इतर कामांसाठीं सवलतीचें रॉकेल वापरण्यास हुकुमानें बंदी केली. तें ओळखूं यावें म्हणून त्याला निळा रंगहि देण्यांत आला. तरी चोरी थांबली नाहीं. २५ जानेवारी १९११ नव्हे, अगदीं अलीकडे, २५ जानेवारी २०११ रोजीं, नाशिक जिल्ह्यांत मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडण्यास गेलेले मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना भेसळ करणाऱ्यांनीं जिवंत जाळलें. गरिबाच्या चिमणीसाठीं काढलेल्या तेलानेंच एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा बळी घेतला. ह्यानंतर सवलत वस्तूच्या भावांत न देतां माणसाच्या हातीं द्यावी, हा विचार सरकार-दरबारीं बळावत गेला. २०१६ पासून रॉकेलचा भाव थोडथोडा वाढवीत नेऊन २०२० पर्यंत केंद्रानें त्यावरील अर्थसाहाय्य शून्यावर आणलें.

मध्यंतरीं वीज आली होती. १९४८ च्या विद्युत्-पुरवठा कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीज मंडळें स्थापण्याची तरतूद केली. महाराष्ट्र राज्याचें मंडळ २० जून १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. मंडळानें खांब व तारा खेडोपाडीं नेल्या, हें त्याचें काम मोठें आहे. पण 'गांवांत वीज आली' ह्या वाक्याचा सरकारी अर्थ पुष्कळ वर्षें फार उदार होता. गांवाच्या शिवारांत कोठेंहि, कोणत्याहि कामासाठीं वीज वापरली गेली कीं गांव विद्युतीकृत समजलें जाई. मग तो एखाद्या विहिरीवरचा पंप कां असेना. २००४ सालीं व्याख्या बदलली व निदान दहा टक्के घरांत वीज असावी अशी अट पडली. म्हणजे शंभर घरांच्या गांवांत नव्वद घरें अंधारांत असलीं तरी कागदावर उजेड होता. तीं नव्वद घरें कोणाचीं असत हें सांगण्याची गरज नाहीं.

ह्या घरांसाठीं सरकारनें तिसऱ्या प्रकारचें साहाय्य योजिलें : जोडणी. १९८८-८९ सालीं 'कुटीर ज्योति' योजनेंत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना एका दिव्याची जोडणी मिळूं लागली. एप्रिल २००५ पासून राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेंत अशा कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्यांत आली. २५ सप्टेंबर २०१७ रोजीं 'सौभाग्य' योजना जाहीर झाली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेंतील गरीब कुटुंबांना जोडणी मोफत व इतरांस पांचशें रुपये, तेहि दहा हप्त्यांनीं, असें तिचें स्वरूप होतें. २०१८ सालीं नीति आयोगानें मागें पडलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली, तींत महाराष्ट्रांतून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद ह्यांच्या जोडीला वाशीमचें नांव होतें. त्याच वर्षीं १ जून ते १५ ऑगस्ट ह्या मुदतींत अशा जिल्ह्यांतील गांवांत वीज-जोडणी, गॅस-जोडणी व एल्. ई. डी. दिवे ह्यांची मोहीम चालली. ज्या घरांत तीन पिढ्या चिमणीवर गेल्या होत्या तेथें भिंतीवर मीटर लागला. ह्या कामाचें मोल कमी लेखूं नये.

परंतु जोडणी एकदां होते, बिल दरमहा येतें. ह्यासाठीं महाराष्ट्रांत दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा निराळा, सर्वांत कमी दराचा वर्ग आहे. वीज नियामक आयोगाच्या २०२० सालच्या दर-आदेशांत त्याच्या अटी अशा होत्या : मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वापर वर्षाला ३६० युनिटांपर्यंत, म्हणजे सरासरीनें महिन्याला तीस. मर्यादा महिन्याची न ठेवतां वर्षाची ठेवली, हें शहाणपणाचें झालें, कारण उन्हाळ्याचा जास्त वापर हिवाळ्यांत भरून निघतो. आतां शाळेंतल्या त्रैराशिकासारखा हिशेब करून पाहूं. दोन खोल्यांचें घर, ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे दोन दिवे व ५० वॅटचा दूरचित्रवाणी संच. एकूण भार २१८ वॅट, म्हणजे अटींत बसणारा. दिवे रोज पांच तास व संच चार तास चालला तर महिन्याला ८.७ युनिटें लागतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्याचे चार महिने दोन्ही पंखे रोज बारा तास फिरले तर त्यांचीं महिन्याला ५४ युनिटें होतात. वर्षाची बेरीज ३२० च्या वर जाते. उरलेल्या चाळीस युनिटांत बाकीचे आठ महिने मिळून एक पंखा रोज सुमारें दोन तास फिरूं शकतो. त्यांत पावसाळ्याचा उकाडा आला, डांस आले, आजारी म्हातारें माणूस आलें. ह्या घरानें कोणतीहि चैन केलेली नाहीं. तरी तें मर्यादेच्या कांठावर उभें आहे.

आणि मर्यादा ओलांडली तर? त्याच आदेशाप्रमाणें तें कुटुंब सर्वसाधारण घरगुती वर्गांत जातें व पुढें कितीहि कमी वीज वापरली तरी परत खालच्या वर्गांत येऊं शकत नाहीं. एका कडक उन्हाळ्यानें लागलेलें दार कायमचें बंद होतें. मग बिल थकतें, थकबाकीवर व्याज चढतें व शेवटीं तार तोडली जाते. १ सप्टेंबर २०२४ पासून महावितरणनें कायमचा पुरवठा तुटलेल्या ग्राहकांसाठीं अभय योजना काढून मूळ रक्कम भरणारास व्याज व विलंब-आकार माफ केला. ही उदारता खरी. परंतु तार तुटल्यावर मिळणाऱ्या अभयापेक्षां ती न तुटण्याची व्यवस्था अधिक स्वस्त पडेल.

चुलीची कथाहि अशीच आहे. १ मे २०१६ रोजीं बलिया येथें पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. गरीब घरांतील स्त्रीच्या नांवें गॅस-जोडणी व त्यासाठीं १,६०० रुपयांचें साहाय्य असा तिचा आराखडा होता. आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजीं त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, देण्यांत आली. धुरानें डोळे गेलेल्या म्हाताऱ्या बाया ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस ह्या योजनेचें महत्त्व सांगावयास नको. पण शेगडी व पहिला सिलिंडर ज्यांनीं उधारीवर घेतला, त्यांची उधारी पुढील अनुदानांतून वळती होत असे. म्हणजे गरजेच्या आरंभींच अनुदान हातीं येत नव्हतें. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालांत उज्ज्वला ग्राहकाचे वर्षाचे सिलिंडर सरासरी ३.२१ निघाले. मे २०२२ पासून सिलिंडरमागें २०० रुपये व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये खास अनुदान सुरू झाल्यावर ही सरासरी वाढली; सरकारच्याच आंकड्यांप्रमाणें ती २०२४-२५ सालीं ४.४७ झाली. साहाय्य केलें तर वापर वाढतो, हें ह्यावरून सिद्ध आहे. पण वर्षाला साडेचार सिलिंडरांवर पांच-सहा माणसांचा स्वयंपाक होत नाहीं. उरलेला अजून चुलीवरच होतो.

येथें आमच्या जिल्ह्याची एक विशेष अडचण आहे. पूर्वीं कपाशी व तूर हीं पिकें जळणहि देत. सोयाबीनचा पेरा वाढला व कपाशीची जागा त्यानें घेतली. सोयाबीनचें कुटार गुरांपुढें टाकतां येतें, पण त्यावर भाकरी होत नाहीं. पीक बदललें, त्याबरोबर शेतांतून फुकट येणारें जळणहि आटलें. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तशा गोवऱ्याहि कमी झाल्या. शिवाय ऋतूंचा मेळ पाहा. माघ-फाल्गुनांत पऱ्हाटी-तुराटी वाळलेली असते व सुगीचा पैसाहि थोडाफार असतो. आषाढ-श्रावणांत लांकूड ओलें, पैसा बी-खतांत गेलेला आणि निंदणाच्या मजुरीवर घर चाललेलें. गॅसची खरी गरज ज्या महिन्यांत असते, त्याच महिन्यांत सिलिंडरचे पूर्ण पैसे मोजण्याची ऐपत नसते.

आणि पूर्ण पैसे आधीं मोजावेच लागतात. २०१५ पासून गॅसचें अनुदान बँकेच्या खात्यांत, खरेदीनंतर, जमा होतें. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचें ठरविलें. उज्ज्वलेच्या ग्राहकास तेव्हां केंद्राचे ३०० व राज्याचे ५३० मिळून ८३० रुपये, तेहि मागाहूनच. सिलिंडर मोफत, पण आठशें रुपये आधीं हातांत असले तर. रोजंदारीच्या बाईला दहा दिवसांनीं मिळणारे आठशें आणि आज लागणारे आठशें हे सारखे नव्हेत. मधले दहा दिवस ती उसनवारीनें काढते किंवा चुलीकडे वळते.

ह्या रीतीचें समर्थन आहे व तें मी टाळणार नाहीं. रॉकेलचा अनुभव डोळ्यांपुढें असतां, वस्तु घेतल्याची खात्री पटल्यावरच पैसा द्यावा असें सरकारला वाटलें, तें निराधार नव्हतें. पण दुसरी रीत अशक्य आहे असेंहि नाहीं. करोनाच्या साथींत, १ एप्रिल २०२० पासून, उज्ज्वलेच्या ग्राहकांस तीन सिलिंडर मोफत देतांना पहिल्या सिलिंडरचे पैसे सरकारनें त्यांच्या खात्यांत आगाऊ टाकले होते. अमेरिकेंत १९८१ च्या कायद्यानें गरीब घरांस ऊर्जेच्या खर्चासाठीं जें साहाय्य मिळतें, तें बहुधा थेट वीज वा गॅस कंपनीच्या खात्यांत, त्या घराच्या बिलापोटीं जमा होतें. कुटुंबाला पदरचे पैसे गुंतवावे लागत नाहींत. आपल्या घरचें उदाहरण तर ह्याहून बोलकें आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमांत, राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गास सवलत द्यावयाची असेल तर त्या सवलतीची रक्कम त्यानें वीज कंपनीला आगाऊ दिली पाहिजे, अशी तरतूद आहे. कंपनीच्या पैशाला खोळंबा होऊं नये हें कायद्याला कळलें. तोच न्याय मालेगांव-मानोऱ्याच्या मजूर स्त्रीला लावण्यास हरकत कोणती?

सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या ह्या हकिगतींत साहाय्याचे चार प्रकार दिसले : रानाची मोकळीक, वस्तूचा भाव, जोडणी आणि खात्यांतला पैसा. प्रत्येक प्रकारानें आधीच्या प्रकाराचा दोष काढला, पण त्याचा गुणहि बहुधा टाकून दिला. रॉकेलची चोरी गेली, त्याबरोबर तेल थोडथोडें घेण्याची सोयहि गेली. जोडणीनें घर उजळलें, पण बिलाचा विचार मागें पडला. म्हणून माझ्या अल्प मतीप्रमाणें तीन गोष्टी व्हाव्यात. अनुदानाची रक्कम सिलिंडर घेतेवेळींच किंमतींतून वजा व्हावी, निदान आषाढ ते भाद्रपद ह्या महिन्यांत तरी. पांच किलोचा लहान सिलिंडर उज्ज्वला योजनेंत घेतां येतो. तो गांवच्या रेशन दुकानांत सहज मिळावा, म्हणजे मजुराला आपल्या कमाईच्या मापानें गॅस घेतां येईल. आणि विजेची ३६० युनिटांची मर्यादा वऱ्हाडच्या उन्हाळ्याकडे पाहून वाढवावी, व ज्या घराचा वापर पुन्हां कमी झाला त्याला आपल्या वर्गांत परत येऊं द्यावें.

ह्यांत नवें कांहीं मागितलेलें नाहीं. जें देऊं केलें आहे तें वेळेवर व वापरतां येईल अशा मापानें पोंचावें, एवढेंच म्हणणें आहे. येत्या पावसाळ्यांत आपल्या शेजारच्या घरांतून ओल्या लांकडाचा धूर येतांना दिसला, तर त्या घरांत सिलिंडर आहे कीं नाहीं एवढेंच विचारून थांबूं नये. तो भरलेला आहे कीं रिकामा, हेंहि विचारावें.